टर्नशू, पॅटन आणि १४७१ साल: तयारीची नोंद

डाव्या पायाचा टर्नशू (आतली बाजू बाहेर ठेवून शिवायचा आणि मग उलटायचा जोडा) काल रात्री उलटून झाला. उजवा अजून फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर आहे, त्याच्या तळाची शिवण अंगठ्यापाशी पोचली आहे. जुलैमध्ये ट्यूक्सबरीचा मध्ययुगीन महोत्सव असतो, त्याआधी दोन्ही जोडे पायांत रुळायला हवेत. दरम्यान पॅटन (जोड्याखाली घालायचे लाकडी तळवे), मोजे आणि बाकीचं सामानही बरंच पुढे सरकलंय, म्हणून ही लांबलचक नोंद.

नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. आमचा गट इंग्लंडमधल्या गुलाबयुद्धांचा, म्हणजे यॉर्क आणि लँकेस्टर या राजघराण्यांच्या लढायांचा काळ वेश आणि सामानासकट उभा करतो, आणि त्यातही एकच साल पकडून: १४७१. त्या वर्षी ४ मे रोजी ट्यूक्सबरीजवळ यॉर्क पक्षाच्या चौथ्या एडवर्डने लँकेस्टर पक्षाच्या राणी मार्गारेट ऑफ आंजूच्या फौजेचा पराभव केला आणि तिचा तरुण मुलगा तिथेच मारला गेला. माझा नवरा यॉर्क पक्षाचा साधा धनुर्धर असतो. मी छावणीत जोडे दुरुस्त करत बसते आणि बघायला आलेल्यांना काम दाखवते. त्यामुळे आमच्या दोघांच्या पायांत काय आहे याकडे लोक जरा जास्तच निरखून बघतात.

या छंदात येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट कळकळीने सांगते. खरेदीला निघण्याआधी साल ठरवा, गाव ठरवा आणि तुमचा माणूस कोण, किती पैसेवाला, तेही ठरवा. ‘मध्ययुगीन बूट’ या नावाखाली हजार वर्षांचा माल विकला जातो. गुडघ्यापर्यंतचे, आडव्या पट्ट्यांचे, जाड टाचेचे बूट बाजारात हमखास दिसतात, आणि तसे बूट १४७१ मध्ये कोणाच्याच पायांत नव्हते. थर रचून केलेली उंच टाच पश्चिम युरोपात सोळावं शतक संपता संपता आली. त्याआधीचा जोडा तळाशी सपाट. मात्र डावा-उजवा फरक त्यात असतो. दोन्ही पायांना एकच आकार देण्याची पद्धत टाचा आल्यानंतरची आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं.

पुरावा कुठे शोधायचा? आमच्या नशिबाने लंडनच्या थेम्सकाठच्या चिखलाने खूप काही जपलंय. ओल्या, हवा न पोचणाऱ्या मातीत झाडाच्या सालीने कमावलेलं कातडं शतकानुशतकं टिकतं. तागाचा दोरा मात्र बहुतेक वेळा कुजून जातो. हाती येतात ते कातड्याचे सुटे तुकडे आणि त्यांच्या कडेने रांगेत टाक्यांची भोकं. त्या भोकांवरून अख्खी शिवण वाचता येते: टाका आरपार गेला होता की कातड्याच्या जाडीतून कडेला निघाला होता, टाचेच्या आत आधाराचा तुकडा होता का, वरच्या काठाला गोट होता का. बेनार्ड्‌स कॅसलच्या उत्खननात चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातले लांब चोचीचे, म्हणजे पुढचं टोक लांबवलेले जोडे मिळाले, आणि त्यांतल्या काहींच्या चोचीत आकार टिकावा म्हणून ठासलेलं शेवाळही तसंच होतं. सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी बोटांनी दाबून भरलेलं ते शेवाळ पाहिलं तेव्हा मला फार भरून आलं होतं.

पण ते जोडे आमच्या सालाच्या जवळजवळ शंभर वर्षं आधीचे. आणि पोर्ट्‌समथच्या संग्रहालयातलं ‘मेरी रोझ’ जहाजावरचं सामान, जे बघायला मी पुन्हा पुन्हा जाते, ते सत्तरहून अधिक वर्षं नंतरचं. ते जहाज १९ जुलै १५४५ ला बुडालं आणि ११ ऑक्टोबर १९८२ ला वर काढलं गेलं. त्यातून शेकडो जोडे मिळाले, पण तोपर्यंत चोच जाऊन पुढचा भाग गोल आणि रुंद झाला होता. ज्यांना आठव्या हेन्रीचा काळ करायचाय त्यांच्यासाठी तो खजिनाच आहे. १४७१ साठी तो वापरता येत नाही, कितीही मोह झाला तरी.

१४६० च्या दशकात चोच पुन्हा लांबायला लागली होती. १४६३ च्या कायद्याने लॉर्डपेक्षा खालच्या दर्जाच्या माणसांना दोन इंचांहून लांब चोच घालायला बंदी केली. आता आमचा धनुर्धर काही लॉर्ड नाही. म्हणून नवऱ्याच्या जोड्याला पाच सेंटिमीटरच्या आतली, शेवाळ न लागणारी चोच ठेवली, आणि माझ्या जोड्याला तर नुसतं निमुळतं टोक. घोट्यापर्यंतची उंची, पुढून चामड्याच्या बंदाने बांधायची सोय. दिखाऊ काही नाही, कामाच्या माणसाचा जोडा.

कातड्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि त्याचं समाधान आहे. क्रोमने कमावलेलं कातडं एकोणिसाव्या शतकातलं. ते मऊ असतं, स्वस्त असतं, पण कापलेल्या कडेला बरेचदा निळसर-राखाडी दिसतं आणि जुन्या शिवणीला साथ देत नाही. सालीवर कमावलेलं कातडं ओलं केलं की वाकतं आणि वाळलं की तो आकार धरून ठेवतं. सगळा टर्नशू या एका गुणावर उभा आहे. वरच्या भागाला मी दीड ते दोन मिलिमीटरचं वासराचं कातडं घेतलं, तळाला चार मिलिमीटरचं गाईचं. तळाचं कातडं डेव्हनमधल्या कोलिटनच्या बेकर टॅनरीचं आहे. ओकच्या सालीवर जुन्या पद्धतीने कातडं कमावणारा ब्रिटनमधला हा एकमेव उरलेला कारखाना, आणि तळाचं कातडं तयार व्हायला त्यांना वर्षाहून जास्त काळ लागतो. महाग आहे. म्हणून तळालाच वापरलं, आणि उरलेले तुकडे टाचेच्या आधाराला जपून ठेवले.

याच टप्प्यावर सुट्टीत घरी गेले होते, तेव्हा मुद्दाम कोल्हापूरला एक फेरी केली. कोल्हापुरी चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात, आणि खिळा न मारता चामड्याच्या वादीने शिवतात. म्हणजे ओक नसला तरी काम त्याच जातीचं. तिथल्या एका वयस्कर कारागिरांना मी माझा कागदी पॅटर्न दाखवला आणि उलटायचा प्रकार समजावला. त्यांनी तळाचा तुकडा हातात घेऊन दोनदा वाकवला आणि म्हणाले, “ताई, पाण्यात बुडवून ठेवू नका. ओल्या फडक्यात रात्रभर गुंडाळा. आतपर्यंत ओल जायला पाहिजे, पाणी सुटायला नको.” रापी (चामडं कापायचं हत्यार) कशी अंगठ्याच्या आधाराने ओढायची तेही त्यांनीच हात धरून दाखवलं. आज तळाची कड जी सारखी निघते ती त्या सकाळमुळे.

आता प्रत्यक्ष शिवण. टर्नशू आतली बाजू बाहेर ठेवून शिवतात. वरचं कातडं उलटं करून फर्म्यावर चढवायचं, तळ त्याच्यावर बसवायचा आणि दोन्हींच्या मध्ये रँड म्हणजे चामड्याची एक अरुंद पट्टी घ्यायची. पंधराव्या शतकाच्या जोड्यांत ही पट्टी सर्रास दिसते. ती शिवण घट्ट बसवते, पाणी अडवते आणि तिची कड जराशी बाहेर ठेवली तर पुढे तिला दुसरा तळही शिवता येतो. वरच्या भागातून टाका आरपार जातो, तळातून मात्र तो कडेतून शिरून आतल्या पृष्ठावर निघतो. जमिनीला लागणाऱ्या बाजूला दोऱ्याचा मागमूस नसतो, म्हणून चालताना शिवण झिजत नाही. त्यासाठी वाकडी आरी लागते, आणि सुईऐवजी दोऱ्याच्या टोकाला रानडुकराचा राठ केस वळून बसवायचा. आरीने पाडलेल्या वळणदार भोकातून केस आपोआप वाट काढतो, लोखंडी सुई तिथे अडते. दोरा तागाचा, अनेक पदरी, डांबर-राळ-मेणाच्या मिश्रणातून ओढलेला. हातांना लागतो, पण एकदा टाका बसला की निसटत नाही. टाके साधारण सहा मिलिमीटरवर ठेवलेत.

उलटणं हा या कामातला सर्वांत ताणाचा क्षण. रात्रभर ओल्या फडक्यात ठेवलेला जोडा आधी टाचेकडून, मग पुढून, उशीचा अभ्रा उलटावा तसा आतून बाहेर काढायचा. तळ चार मिलिमीटरचा असल्यामुळे घाई केली तर तळाच्या कडेचे टाके फाडून निघतात. मी बोथट लाकडी दांड्याने टोकाकडून हळूहळू ढकलत गेले. चोच शेवटी बाहेर आली आणि शिवण सलग बसलेली दिसली तेव्हा नवऱ्याला झोपेतून उठवून दाखवली. आता जोडा फर्म्यावर वाळतोय. वाळला की चरबी आणि मधमाशीच्या मेणाचा हात द्यायचा.

एक गोष्ट आवर्जून: माप मोजे घालूनच घ्या. त्या काळचे मोजे विणलेले नसायचे. लोकरी कापड उरेब, म्हणजे तिरकं कापून शिवायचे, म्हणजे ते ताणलं जातं आणि पायाला बसतं. पुरुषांचे कमरेपर्यंत, आणि आखूड डगल्याला टोक बसवलेल्या बंदांनी बांधलेले. बायकांचे गुडघ्यापर्यंत, खाली पट्टा आवळून. कापड जाड, पायाखाली शिवण येणार, म्हणजे अनवाण्या पायावर बेतलेला जोडा नंतर चावतोच. बंदांची भोकं हातानेच काजं करावीत तशी दोऱ्याने शिवायची, धातूची कडी एकोणिसाव्या शतकातली. नवऱ्याच्या डगल्याची ही काजं मी गाडीच्या प्रवासात पुरी करते आहे.

चालण्याबद्दल. पातळ तळातून जमीन समजते, खडा समजतो, उतार समजतो. टाच आपटत चालणं बंद होतं आणि पावलं आखूड पडतात. ओल्या गवतावर सपाट चामडं घसरतं, याची सवय मोकळ्या मैदानावर आधी करून घ्यावी. काही गट लढाईसाठी पातळ रबरी तळाला परवानगी देतात, आणि घोट्याची काळजी असेल त्याने ती जरूर घ्यावी. मात्र डांबरी रस्ता आणि वाहनतळावरची खडी टाळाच. महोत्सवाच्या फाटकापर्यंत साधे बूट घाला. तळ झिजलाच तर त्याच्यावर पुढे आणि टाचेला अर्धा तळ शिवून घ्यायचा. उत्खननातल्या कितीतरी जोड्यांवर अशी डागडुजी आहे, आणि मी छावणीत नेमकं हेच काम करून दाखवते.

चिखलासाठी पॅटन. म्हणजे जोड्याखाली घालायचा लाकडी तळवा, वर चामड्याचा पट्टा. यान व्हान आइकच्या १४३४ सालच्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात डाव्या कोपऱ्यात एक जोडी पडलेली आहे, लंडनच्या नॅशनल गॅलरीत जाऊन जवळून बघा, टाचेखालचे आणि पुढचे उंचवटे स्पष्ट दिसतात. माझे पॅटन आल्डरच्या लाकडाचे आहेत. अॅस्पेनही चाललं असतं, पण त्यामागे एक छान हकीकत आहे. बाणांसाठी अॅस्पेन कमी पडू नये म्हणून पाचव्या हेन्रीच्या काळात, १४१६ मध्ये, पॅटन करणाऱ्यांना ते लाकूड वापरायला मनाई झाली. बाणांना न चालणारं अॅस्पेन वापरायची मोकळीक १४६४ च्या सुमारास मिळाली. आमच्या सालाला कायद्याची अडचण उरत नाही, तरी नवरा धनुर्धर असल्यामुळे मी ते लाकूड त्याच्यासाठी सोडलं. एका पॅटनचा पट्टा लागलाय, दुसऱ्याचा कापून ठेवलाय.

सगळ्यांनी स्वतः शिवावं असं अजिबात नाही. विकत घेत असाल तर विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: हा जोडा कुठल्या उत्खननातल्या नमुन्यावरून केला, तो नमुना सापडला तो मातीचा थर कोणत्या काळातला, आणि तळ शिवलाय की चिकटवलाय. ज्याला आपलं काम ठाऊक आहे तो आनंदाने सांगत बसतो. रीएनॅक्टर्सच्या, म्हणजे आमच्यासारख्या जुना काळ उभा करणाऱ्यांच्या बाजारात गेलात तर जोडा हातात घेऊन आत बोटं घाला, शिवण बोटांना कळते. या छंदाचं जगभरचं बरंचसं सामान भारतात, डेहराडून-कानपूरकडे तयार होतं. तिथले हात कसबी आहेत. त्यांना तारखेसह नीट पॅटर्न आणि योग्य कातडं दिलं तर उत्तम काम होतं, त्यामुळे गटाने मिळून ऑर्डर देताना पॅटर्नवर खर्च करा.

बाकी सामान भराभर: पितळी बकलाचा अरुंद कमरपट्टा झाला, थैली झाली, लाकडी वाडगा आणि शिंगाचा चमचा मिळाला. काट्याची गरज नाही, जेवायला सुरी आणि चमचा पुरतो. चामड्याची पाण्याची बाटली शिवून तयार आहे, आतून मेण ओतायचं बाकी.

पुढचं मोठं काम नवऱ्याचा जॅक, म्हणजे कापडाचे थर एकावर एक शिवून केलेलं चिलखत. फ्रान्सच्या अकराव्या लुईच्या फर्मानात पंचवीस ते तीस थर आणि वर हरणाचं कातडं सांगितलंय, आणि वापरून मऊ झालेलं कापड त्याला सगळ्यात चांगलं असंही म्हटलंय. तेव्हा इंग्लंडातल्या मंडळींपैकी कोणाकडे जुन्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या अस्सल लिननच्या चादरी पडून असतील तर मला कळवा. टपालखर्च मी देईन, आणि बदल्यात तुमच्या पायाच्या मापाचा टर्नशूचा पॅटर्न काढून पाठवेन.