आधी तार, मग सेट

महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, ट्रेकला न्यायला हॅम रेडिओचा (हौशी बिनतारी संपर्काचा) एचएफ, म्हणजे शॉर्टवेव्हचा, सेट कुठला घेऊ, आणि मी उलट विचारतो की अँटेनाची तार कशाला बांधणार ते ठरलंय का, की समोरचा गप्प.

मीही तसलाच होतो म्हणा. राजगडला पहिल्यांदा १०० वॅटचा सेट आणि त्याला पुरेल अशी बॅटरी घेऊन गेलो, चोरदरवाज्याच्या वाटेला खांदे पार भरून आले, आणि पद्मावती माचीवरून जेवढे क्यूएसओ, म्हणजे दुसऱ्या हॅमशी संपर्क, झाले तेवढे पुढच्या खेपेला ५ वॅटमध्येही झालेच की! १०० वरून ५ वर आलं की सिग्नलचे १३ डीबी (डेसिबल) जातात, म्हणजे समोरच्याच्या सिग्नल-मीटरवर दोन एस-युनिटच्या (मीटरवरच्या घरांच्या) थोडं वर, बस. उन्हाळ्यात ढगांचा कडकडाट बँडवर भरला की तेच दोन युनिट जीव खातात, खोटं कशाला बोलू. पण मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक लिपी) येत असेल तर तेही निभतं.

तर तार. ४० मीटरच्या बँडला एण्ड-फेड हाफ वेव्ह (अर्ध्या तरंगलांबीची, एका टोकाला जोडायची), साधारण २० मीटर वायर आणि ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर, हीच २०, १५ आणि १० मीटरच्या बँडला पण चालते. टोकालाच फीड असल्याने मधून कोॲक्स (सेटकडे जाणारी केबल) लोंबत नाही, त्यामुळे ६-७ मीटरचा एक फिशिंग पोल पुरतो, फक्त फायबरग्लासचाच घ्या, कार्बनचा वीजवाहक असतो. माचीवर धड झाड नसतं आणि तटबंदीला काही बांधायचं नाही म्हणजे नाही, म्हणून पोल सॅकला आवळायचा, दोन्हीकडे ताण द्यायचा. उलटा व्ही होतो, उंची कमी म्हणून सिग्नल सरळ वर जाऊन खाली येतो आणि दिवसा आसपासचे दोन-चारशे किलोमीटर मस्त मिळतात. वायर पाटीवर इंग्रजी आठाच्या आकारात गुंडाळा, नाहीतर कारवीच्या झुडपांत अडकली की अर्धा तास गेलाच.

आता सेट. माझा जुना एफटी-८१७, दणकट आहे पण नुसतं ऐकायलाच ४०० मिलीअँपिअरच्या आसपास खातो आणि आत ट्यूनर (अँटेना सेटशी जुळवून घेणारं सर्किट) नाही. केएक्स२ त्याच्या निम्म्याहून कमीत भागवतो, वजनाला अर्धा किलोसुद्धा नाही, पायी चालणाऱ्याला माझं मत त्यालाच, खिशाला झेपला तर. आयसी-७०५ चा वॉटरफॉल (पडद्यावर सरकत जाणारं बँडवरच्या सिग्नलचं चित्र) बघून सगळे पाघळतात, पण तो किलोच्या वर जातो आणि १० वॅट हवे तर बाहेरची बॅटरी लागतेच.

आणि हो, कनेक्टर. मागच्या थंडीत सगळं वर नेलं, ट्रान्सफॉर्मरच्या डबीला एसओ-२३९ (आट्यांचं मोठं सॉकेट), केबलला दोन्हीकडे बीएनसी (फिरवून अडकवायचा छोटा कनेक्टर), आणि मधला ॲडाप्टर घरी टेबलावर. शेवटी केबलचं एक टोक चाकूने कापून आतली तार भोकात खुपसली, जाळी नटाला गुंडाळली, दोन क्यूएसओ झाले, केबल गेली. आता ॲडाप्टर डबीवरच पक्का बसवून टाकलाय.