डिस्कसच्या टाकीत उजेड किती, झाडं कोणती

डिस्कसच्या टाकीसाठी झाडं निवडायची ती थर्मामीटर बघून. या माशाला २८ ते ३० अंश पाणी लागतं, आणि फोटोत सुंदर दिसणारी बरीचशी झाडं २६ च्या वर रडायला लागतात. गोव्यात तर एप्रिल-मेमध्ये हीटर बंद ठेवूनही टाकी ३१ वर जाते. पंखा लावला तरी आपल्या दमट हवेत पाणी जेमतेम एखाद-दोन अंश उतरतं.

गरम पाण्यात झाडाचा श्वसनावरचा खर्च वाढतो. तो भरून काढायला उजेड वाढवला की कार्बन डायऑक्साइडही वाढवावा लागतो, आणि तिथे मासा अडचणीत येतो. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सव्वाआठ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसातच. म्हणून जमिनीवर पसरणारी हिरवळ आणि लालभडक नाजूक झाडं विसरा. संथ वाढणारी, जाड पानाची झाडं घ्या आणि उजेड बेताचा ठेवा.

मधोमध अॅमेझॉन सोर्ड. एक झाड दीड फूट उंच होतं, चार फुटी टाकीत दोन पुरतात. मागे वॅलिस्नेरिया किंवा क्रिप्ट (म्हणजे क्रिप्टोकोरायनी) बालान्सी, पुढे क्रिप्ट वेंडटी. लाकडावर अनुबियास. त्याचं आडवं खोड रेतीत पुरलं की ते कुजतं. शिवणाच्या दोऱ्याने लाकडाला बांधायचं, महिन्या-दोन महिन्यांत मुळं स्वतःच पकड घेतात. जावा फर्न चालतो, पण सतत ३० वर त्याची वाढ मंदावते. क्रिप्टोकोरायनी रेट्रोस्पायरॅलिस तर आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांतलीच. हौसेपोटी अभयारण्यातून मात्र काही उपटून आणू नका.

सोर्डला खाणं मुळाशी लागतं. सगळीकडे जाड रेती टाकली तर डिस्कसचं उरलेलं अन्न तिच्यात सडतं. त्यापेक्षा सोर्ड ६ इंची मातीच्या कुंडीत लावा, बाकी तळाला २ सेंटीमीटर रेती पुरे, सायफन (तळाचा गाळ ओढणारी नळी) सहज फिरतो. लोहासाठी आपली तांबडी माती आहेच. ज्या जांभ्याच्या चिऱ्यांनी घरं बांधतो, त्याचीच माती बारीक चाळायची, सुपारीएवढ्या गोळ्या वळून सावलीत वाळवायच्या आणि कुंडीत मुळांखाली तीन-चार खोल दाबायच्या. वर राहिली तर टाकी तांबडी होते. खत पडलेल्या बागेतली किंवा खाणीच्या ढिगाऱ्यावरची माती नको. या मातीत नत्र-पालाश जवळजवळ नसतं, तेव्हा दर दोन-तीन महिन्यांनी एक रूट टॅबही (मुळाशी पुरायची खताची गोळी) द्या.

आता उजेड. चार फूट लांब, दीड रुंद, दोन उंच टाकीत रेती-लाकूड वजा जाता साधारण २७० लिटर पाणी राहतं. लिटरमागे १५ ते २० ल्युमेन (उजेडाचं माप) धरा, म्हणजे ४००० ते ५४००. चांगल्या एलईडीचे ४० ते ५५ वॉट. रंग ६५०० केल्विन. एकाऐवजी दोन पट्ट्या घ्या: मागची सोर्डवर पूर्ण, पुढची डिमरने निम्मी, म्हणजे माशांना सावलीची जागा उरते. पहिले तीन आठवडे रोज ६ तास, नंतर फार तर ८.

अंधारातून एकदम लख्ख उजेड पडला की डिस्कस काचेवर आपटतात. आधी खोलीतला दिवा, पंधरा मिनिटांनी टाकीचा. पावसाळ्यात इथे आणखी एक गोम आहे: चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो, आणि जेवढे तास वीज नव्हती तेवढे तास टाकीचा दिवस पुढे सरकतो. बॅटरीवर वेळ राखणारा टायमर घ्या. किनाऱ्याजवळ खाऱ्या हवेने एलईडीच्या जोडांवर हिरवट गंज चढतो. जोडांवर सिलिकॉन लावा आणि वायर सॉकेटच्या खालून वळसा देऊन न्या, म्हणजे पाण्याचे थेंब सॉकेटमध्ये उतरणार नाहीत.

अनुबियासच्या पानांवर घट्ट हिरवे ठिपके आले तर त्यावर उजेड जास्त पडतोय किंवा फॉस्फेट कमी आहे. झाड सोर्डच्या सावलीत सरकवा. काळं दाढीसारखं शेवाळ बहुधा डिस्कसला घातलेल्या बीफ हार्टच्या (गुरांच्या हृदयाच्या मांसाच्या) उरलेल्या तुकड्यांचं देणं असतं. अर्ध्या तासात उरलंसुरलं ओढून काढा. सोर्डची नवी पानं फिकट म्हणजे लोह कमी, जावा फर्नच्या जुन्या पानांना बारीक भोकं म्हणजे पोटॅशियम. क्रिप्टची पानं लावल्यावर विरघळली तर झाड उपटू नका, मुळातून तीन-चार आठवड्यांत नवी फुटतात. आजारी माशाला मिठाचं पाणी द्यायचं तर वेगळ्या टाकीत, कारण मिठाने टाकीतली झाडं खराब होतात.

छाटलेली झाडं व्हाळात किंवा तळ्यात टाकू नका, उन्हात कडक वाळवून कचऱ्यात द्या.