10 गुंठे स्ट्रॉबेरी आणि तीन रंगांचा तोडा

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा तालुक्यात बोरगावच्या अलीकडे आमची पावणेदोन एकर जमीन आहे. पावसाळ्यात तिच्यात भात आणि नागली होते. त्यानंतर विहिरीचे पाणी फेब्रुवारीपर्यंत जेमतेम पुरते. आसपासच्या गावांत स्ट्रॉबेरी चांगली येते हे पाहून 2022 मध्ये मीही 10 गुंठ्यांवर ती लावण्याचे ठरवले आणि वाई भागातील एका रोपवाटिकेतून विंटर डॉन जातीची 5,000 रोपे 10 रुपये दराने आणली. 4 फुटांवर गादीवाफे, त्यांवर ठिबक आणि मल्चिंग पेपर (माती झाकणारा प्लास्टिकचा कागद), प्रत्येक वाफ्यावर फूट-फूट अंतराने दोन ओळी, एवढी मांडणी कोणीही समजावून सांगतो. परतीच्या पावसात सखल कोपऱ्यातील चार-पाचशे रोपे कुजली. बाकीची तगली आणि डिसेंबरमध्ये तोडा सुरू झाला.

पीक आले, पण विकता येईना. फळ जितके लाल तितका भाव चांगला, अशा समजुतीने आम्ही पूर्ण पिकलेली फळे उन्हात तोडत होतो, मोठ्या क्रेटमध्ये काठोकाठ भरत होतो आणि सगळाच माल संध्याकाळच्या पिकअपने नाशिकला पाठवत होतो. वणीमार्गे सुमारे 80 किलोमीटर हादरे खात गेल्यावर तळातल्या थराचे पाणी झालेले असे. एका पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, आडत्याने निम्मे वजन खराबीत कापले, तेव्हा मला फार राग आला होता. पण पुढच्या खेपेला मी स्वतः गाडीबरोबर गेलो आणि क्रेट उपडा केल्यावर जे दिसले, त्यानंतर भांडायला तोंड राहिले नाही.

आंबा किंवा केळी झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. स्ट्रॉबेरीला तोडल्यानंतर रंग चढतो, गोडी मात्र वाढत नाही. म्हणून फार कच्चे फळ आंबटच राहते आणि पूर्ण पिकलेले वाटेत नासते. दुसऱ्या वर्षी आम्ही माल कुठे जाणार हे आधी ठरवून मग तोडायला लागलो. नाशिकसाठी टोकापासून पाऊण भाग लाल झालेले आणि देठाकडे पांढरट असलेले फळ घ्यायचे. सकाळी, दव ओसरताच, फळाला बोट न लावता देठ नखाने खुडायचा, हिरवी टोपी फळावर तशीच ठेवायची आणि ते थेट पनेटमध्ये, म्हणजे प्लास्टिकच्या लहान डबीत, मांडायचे. आईचा हात टोमॅटोला सरावलेला, त्यामुळे पहिला आठवडा ती फळ ओढूनच काढत होती. आता आमच्यात सर्वांत स्वच्छ तोडा तिचाच असतो.

पूर्ण लाल फळ शनिवार-रविवारसाठी राखतो. ते हातगडजवळ रस्त्याच्या कडेला मांडले, की सापुताऱ्याला जाणारे पर्यटक गाडी थांबवतात, एक खाऊन पाहतात आणि बहुधा अर्धा किलो तरी घेतात. तिथला दर बाजारापेक्षा बराच अधिक मिळतो, मात्र सोमवारी तो रस्ता ओस असतो. बारीक आणि वेडीवाकडी फळे देठ काढून नाशिकच्या एका आइस्क्रीमवाल्याकडे जातात. त्यात फारसे सुटत नाही, पण फेकण्यापेक्षा बरे.

विहीर आटली, की झाडावर फुले असतानाही तोडा थांबतो. त्यामुळे लागवड वाढवण्याआधी शेततळे करावे, असे माझे मत आहे. आई मात्र जादा रोपांसाठी आगाऊ पैसे देऊन मोकळी झाली आहे.