नथ उलटी करून बघणारं गिऱ्हाईक

जळगावच्या सराफ बाजाराने खान्देशातल्या बायकांची नजर तयार केली आहे. दागिना हातात आला की आधी उलटा होतो. पुढून मोती कितीही झळकोत, मागे तारेचं टोक वर आलेलं दिसलं की नथ गुपचूप टेबलावर परत जाते. म्हणून विकण्यासाठी मोत्याची नथ करायची तर लक्ष मागच्या बाजूवर हवं.

सामान थोडंच लागतं: सोनेरी पितळी तार, ३ आणि ५ मिमीचे मोती, एखादा लाल-हिरवा खडा, गोल तोंडाची आणि चपट्या तोंडाची अशा दोन पकडी आणि कटर. पहिली फसगत तारेतच होते. दुकानात ‘२८ गेज’ (गेज म्हणजे तारेच्या जाडीचा क्रमांक) मागितली तर अमेरिकी मापाची ०.३२ मिमीची मिळू शकते, नाहीतर ब्रिटिश मापाची ०.३८ मिमीची. हातात फरक कळत नाही, पण मण्याच्या भोकाला कळतो. बारीक मोत्याचं भोक साधारण पाऊण मिलिमीटरचं असतं आणि त्यातून तार दोनदा जायची असते. ०.३२ची दोन पदरं आरामात जातात. ०.३८ची अडकतात, आणि जोर लावला की मोत्याचा मुलामा भोकापाशी टवका होऊन उडतो. तेव्हा गेज न सांगता मिलिमीटर सांगावं.

फुलाचं गणित एकदा समजलं की मणी वाया जात नाहीत. एकाच मापाच्या सहा मण्यांच्या गोलात त्याच मापाचा सातवा मणी चपखल बसतो. पाच पाकळ्यांचं फूल हवं असेल तर मधला मणी लहान लागतो: ४ मिमीच्या पाचांमध्ये ३ मिमीचा. आठ पाकळ्या असल्या तर उलट, ३ मिमीच्या आठांमध्ये ५ मिमीचा. हे प्रमाण चुकलं की मधला मोती एकतर खाली घसरतो किंवा घुमटासारखा वर येतो. मग लोक गोंद लावून ते झाकायला जातात आणि नथ आणखी बिघडते.

आठ पाकळ्यांच्या फुलासाठी ३० सेंमी तार पुरते. आठही मोती ओवून तारेच्या मधोमध आणावेत, एक टोक पहिल्या मोत्यातून पुन्हा त्याच दिशेने काढून ओढावं, की गोल बंद होतो. आता त्याच टोकावर मधला मोती घेऊन तार समोरच्या दोन मोत्यांच्या मधून काढावी, तिथल्या तारेला एक वेढा द्यावा आणि मधल्या मोत्यातूनच परत यावं. ओढताना तारेत फास पडला तर तिथेच थांबून आधी तो उकलावा. तसाच ओढला तर तिथे मोड पडते, आणि नथ महिना-दोन महिन्यांनी नेमकी त्याच मोडीवर तुटते. उरलेली दोन्ही टोकं दोन मोत्यांच्या फटीत तीन वेढे देऊन कापायची आणि चपट्या पकडीने आत दाबायची. तपासायला जुनी नायलॉनची ओढणी मागच्या बाजूवरून फिरवावी. धागा अडकला तर काम अजून बाकी आहे.

नथ नाकावर धरून ठेवणारा चाप हा तिचा जीव. त्याला ०.८ ते ०.९ मिमीची पितळी तार घ्यावी. तांब्याची मऊ असते, चार वेळा घातली की पकड सोडते. पितळेला अंगची लवचीक ताकद असते, पण एकाच जागी मागेपुढे वाकवलं की ते कडक होऊन तुटतं. त्यामुळे चाप एकदाच, नीट मोजून वाकवावा. मधली फट साधारण १ मिमी ठेवावी आणि दोन्ही टोकांना बारीक गोल वळण द्यावं, म्हणजे कापलेलं टोक कातडीला लागत नाही. चाप बसवायची जागा नथीच्या वरच्या एक तृतीयांश भागात. मध्यावर बसवला की वजनाने नथ फिरते आणि मोती ओठावर येतात.

खड्यासाठी गोंद लागतोच, आणि तो निवडताना खान्देशातला उन्हाळा विसरून चालत नाही. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५च्या घरात जातो. उन्हात बंद उभ्या गाडीत तर त्याहून कितीतरी जास्त. ग्लू-गनचा गोंद तिथे मऊ पडतो आणि खडे डब्यात मोकळे सापडतात. झटपट चिकटणाऱ्या गोंदाच्या वाफेने खड्याभोवती पांढरी साय धरते. दोन ट्यूबचा इपॉक्सी सगळ्यात भरवशाचा, पण दोन्ही भाग पाकिटावरच्या प्रमाणातच घ्यावेत. अंदाजाने मिसळलेला इपॉक्सी दुसऱ्या दिवशीही बोटाला चिकटतो.

टेबल मांडताना काळी मखमल सगळ्यांना सुचते. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या उघड्या मैदानात तासाभरात तिच्यावर धुळीचा थर दिसतो. राखाडी किंवा मातकट रंगाचं सुती कापड बरं. नथी आडव्या पसरू नयेत, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) जाड कार्डावर चापाने अडकवून मागच्या ओळीला १२ इंचांची उंची द्यावी. कार्डाला खाली चिमटा लावावा, वाऱ्याचा भरवसा नसतो. किंमत कार्डावरच लिहावी. ‘काय भाव शे?’ विचारायला संकोचणारी बाई न विचारताच पुढे जाते. आरसा मात्र टेबलावर झोपवून ठेवू नका, चेहऱ्याच्या उंचीला टांगा. एकीने नाकाला लावून पाहिलेली नथ दुसरीला देण्याआधी चाप स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. फक्त चाप, कारण स्पिरिट मोत्याची चकाकी खातं.

आणि जर्मन सिल्व्हरचे झुमके शेजारी ठेवले असतील तर ‘चांदी’ म्हणून विकू नयेत. त्यात चांदी नसतेच, तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि निकेलने काहींच्या कानाला खाज सुटते. विचारलं तर तसंच सांगावं.

भाव ठरवताना स्वतःचा वेळ धरायचा राहूनच जातो. समजा, एका नथीचं सामान ३८ रुपये, डबी-कार्ड ७, आणि २५ मिनिटांची मजुरी तासाला ८० रुपयांनी ३३. झाले ७८. मोडतोडीचे १० टक्के धरून ८६. ती १५० ला विकली तर ६४ उरतात, आणि १५०० रुपये भाड्याच्या टेबलावर २४ नथी विकेपर्यंत नुसतं भाडंच फिटतं. तीच नथ ३० टक्के कमिशनवर दुकानात ठेवली तर हातात १०५ येतात, म्हणजे वरचे फक्त १९. दुकानाला माल द्यायचा तर वेगळा, १५ मिनिटांत होणारा साधा नमुना काढावा. भाव पाडून तोच माल देणं परवडत नाही.

हंगाम इथला वेगळा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तेव्हा हलक्या, रोज घालता येतील अशा नथी जातात. श्रावणात बसणाऱ्या कानबाई या खान्देशी देवीसाठी मागणी येते ती निराळीच: देवी म्हणून पुजायच्या नारळाला बसवायची नथ. तिला चाप चालत नाही, मागे ८ सेंमी मोकळी तार सोडावी लागते, आणि फूल मोठं लागतं, ४ मिमीच्या आठ मोत्यांत ६ मिमीचा मधला. कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, म्हणून या ऑर्डरी आषाढ संपायच्या आत घेऊन टाकाव्यात.