डोळ्यांदेखत

भाची पुण्याहून आली ती मोबाइलमध्ये यादी घेऊनच. कोल्हापुरात दोन दिवसांत काय खायचं, काय विकत घ्यायचं, कुठे उभं राहून फोटो काढायचा, सगळं ठरलेलं. ज्या गावात माझी पन्नास वर्षं गेली, त्या गावाची माहिती मी तिच्याकडून घेत होतो. "मामा, गंगावेशीत खरंच रस्त्यावर म्हैस पिळून दूध देतात?" देतात म्हटलं. "आपल्यासमोर?" आता रस्त्यावर म्हणजे समोरच की. संध्याकाळी जाऊ म्हणून तिला मिसळ खायला नेलं. तिथे पावाऐवजी ब्रेडच्या स्लाइस बघून तिनं एक फोटो काढला आणि कटाचा पहिला घोट घेऊन पाणी मागितलं.

गावाचं नाव अलीकडे फार झालंय. शुक्रवारी रात्रीपासून पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी रस्ते भरतात. देशातल्या कुठल्याही हॉटेलात 'व्हेज कोल्हापुरी' मिळते, जी इथल्या एकाही घरात होत नाही. कोल्हापुरी म्हणजे लालभडक आणि जाळ, एवढंच लोकांनी धरून ठेवलंय. तांबड्याच्या शेजारच्या वाटीत पांढरा रस्सा असतो आणि त्यात लाल मिरचीचा कणही नसतो, हे कोण सांगणार?

मला विचाराल तर ह्या गावाची खरी खोड वेगळीच आहे. कोल्हापूरकराला ऐकीव चालत नाही. काय करायचं ते समोर कर.

माझी आई उन्हाळ्यात चटणी करायची. परगावचे लोक ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतात, ती आमच्याकडे नुसती चटणी. रंगाला ब्याडगी, तिखटाला जवारी. मिरच्यांची देठं काढून गच्चीवर वाळवायच्या, खोबरं, तीळ, धने भाजायचे आणि डबे घेऊन कांडपाला जायचं. आई डंकासमोर बसायची ती शेवटचा चमचा डब्यात पडेपर्यंत. नाक-डोळे गळतायत, पदर तोंडावर, पण नजर उखळावर. कांडपवाला म्हणायचा, "मावशी, जाऊन या की तासाभरात." ती म्हणायची, "मी गेलो आणि तू दुसरीचं ह्यात मिसळलंस तर?" (इथल्या बायका 'गेलो', 'येतो' असंच बोलतात. भाचीला त्याचं अजून हसू येतं.)

शिवाजी उद्यमनगरात ह्याच खोडीचा धंदा झाला. शेतातल्या विहिरींवर ऑइल इंजिनं आली, ती बिघडू लागली आणि दुरुस्त करता करता माणसं नवी बनवायला लागली. आता इथल्या फाउंड्र्यांत ओतलेलं लोखंड कुठल्या कुठल्या मोटारींत जाऊन बसलेलं असतं. मला त्यातलं फारसं कळत नाही. मला आमच्या घरघंटीचा बुश कळतो. तो झिजला तेव्हा सर्व्हिसवाल्यांनी 'हे मॉडेल बंद झालं' म्हणून हात वर केले. उद्यमनगरातल्या एका बोळात लेथवर एक वयस्कर टर्नर होते. त्यांनी झिजलेला बुश बोटात फिरवला, कॅलिपर लावला, कागदावर काही लिहिलं नाही. "बसा की, चहा येईस्तोवर हुतंय." पितळेची कांडी लेथला लावली आणि सोनेरी कीस त्यांच्या पायाशी पडायला लागला. चहा आला तेव्हा बुश तयार होता, हातात गरम. ह्याच गावात 1918 साली बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, हे मी शाळेपासून ऐकत आलोय. त्या बोळात बसल्यावर ते पहिल्यांदा पटलं.

पण समोर करण्याची सगळ्यात मोठी गोष्ट एका कप चहाची आहे. गंगाराम कांबळे संस्थानच्या पागेत नोकरीला. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मार खावा लागला. शाहू महाराजांनी मारणाऱ्यांचा समाचार घेतला आणि गंगारामांना पैसे देऊन स्वतःचा धंदा काढायला लावला. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचं हॉटेल निघालं. ज्यांच्या स्पर्शाचा लोकांना विटाळ, त्यांच्या हातचा चहा प्यायला येणार कोण? महाराज आले. भर रस्त्यात गाडी थांबवायची आणि चहा मागवायचा, स्वतःला आणि बरोबरच्या मंडळींनाही. आता राजाच पितोय म्हटल्यावर बरोबरचे काय नाही म्हणणार! तोच कप राजवाड्यात मागवून घेता आला असता. मग तो गावाला दिसला नसता.

भाचीच्या यादीत हा चहा नव्हता. केशवराव भोसले नाट्यगृह होतं, पण ते 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री जळालं. तेही डोळ्यांदेखत. 1915 मध्ये महाराजांनी खासबाग कुस्ती मैदानाला लागून बांधलेलं पॅलेस थिएटर. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. आम्ही रस्त्यावर नुसते उभे होतो. शेजारी एक आजोबा होते. ज्वाळांकडे बघत ते कुठल्या रांगेतली कुठली खुर्ची कुरकुरायची ते सांगत होते. कुणी त्यांना गप्प केलं नाही.

दुपारी चप्पल लाइनला गेलो. 2025 च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोत प्राडा ह्या इटालियन कंपनीनं आपलं पायताण चालवलं आणि गावाचं नाव घ्यायचं राहिलं. बोंबाबोंब झाल्यावर घेतलं, आणि जुलैत त्यांची माणसं इथे चपला बनताना बघायला आली. ते बरं केलं. चामडं चामड्याच्याच वादीनं कसं शिवतात, ते बसून बघितल्याशिवाय कळत नाही. 2019 चं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन कर्नाटकातल्या जिल्ह्यांनाही आहे, हे मात्र आम्ही मोठ्यानं बोलत नाही. भाचीनं ऑनलाइन दर दाखवून घासाघीस केली. दुकानदारानं चप्पल तिच्या हातात देऊन दुमडायला लावली. पुढे दरावर बोलणं झालं नाही.

दिवेलागणीला गंगावेशीत पोचलो. गवळ्यानं कास धुतली, चरवी गुडघ्यात धरली. पहिल्या धारा बुडावर खणखणल्या, मग आवाज फेसात मऊ होत गेला. भाचीनं मोबाइल वर धरला. मला वाटलं, आता हा चिडणार.

"ताई, तिकडनं नको," तो मान वर न करता म्हणाला, "शेपूट येतंय मधी. हिकडनं घे, म्हशीचं तोंड चांगलं येतंय."

तिनं हिकडनं घेतलं. म्हशीनंही जरा मान वळवली, सवय झालेली दिसत होती. मग फेसानं काठोकाठ भरलेला पेला भाचीच्या हातात आला. तिनं वास घेतला, एक घोट घेतला, इकडे तिकडे बघितलं आणि विचारलं, "साखर आहे का?"

गवळ्यानं तिच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघितलं.

"पाहुण्यांची गाडी उद्या किती वाजता हाय?"