सात, अकरा, वीस

करसल्लागाराच्या ऑफिसात महिना तीन तारखांवर चालतो. सातला टीडीएस (पैसे देतानाच कापलेला कर) भरायचा, अकराला जीएसटीआर-१ (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न), वीसला ३बी (महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न). तारखा सरकारच्या, त्यात आपलं काही चालत नाही. चालतं ते आधीच्या दिवसांत, आणि तिथंच घोडं पेंड खातं.

पार्टीवाले, म्हणजे आमची गिऱ्हाईकं, बिलं पाठवतात ती दहा तारखेच्या रात्री, व्हॉट्सअ‍ॅपवर, वाकडे फोटो काढून. जीएसटी नंबरावर नेमका अंगठा! म्हणून आता मेसेज बंद. दर सोमवारी मी फोनच करते, "काका, या आठवड्याची बिलं मुलाबरोबर पाठवा बघू." मेसेजला लोक ओके टाकून मोकळे होतात, फोनवर हो म्हटलं की जरा तरी लाज वाटते.

दुसरं म्हणजे, सकाळी दहा ते साडेअकरा माझा मोबाइल ड्रॉवरमध्ये. चौदाला २बी येतं (विकणाऱ्यांनी जीएसटीत दाखवलेल्या बिलांची यादी), त्याच्याशी खरेदीची बिलं ताडून बघायची आणि वीसच्या आत संपवायचं. हे काम मध्येच तुटलं की कुठल्या बिलापर्यंत आलो होतो तेच आठवत नाही. सर आधी कुरकुरले, "अर्जंट फोन आला तर?" आमचे अर्जंट फोन बहुतेक "चलन भरलं का?" एवढ्यावरच असतात. लँडलाइन आहे की त्यासाठी.

कामं नोंदवायची रंगीत अ‍ॅप्स मला झेपत नाहीत, रंग निवडण्यातच अर्धा तास जातो. टेबलावरच्या कालनिर्णयावर पेन्सिलीने पार्टीचं नाव लिहिते, रिटर्न गेलं की खोडते. सप्टेंबरात ऑडिटच्या गर्दीत मात्र यातलं काही टिकत नाही. तेव्हा डबासुद्धा चारला उघडतो.