खुराड्यातले लाल माइट: उपचाराच्या दुसऱ्या हातापर्यंतची नोंद

तुरे फिके पडलेले, अंडी घटलेली, एखाद्या कवचावर रक्ताचे बारीक ठिपके आणि संध्याकाळ झाली तरी कोंबड्या आत शिरायला राजी नाहीत. एवढे एकत्र दिसले की संशय लाल माइटवर, म्हणजे कोंबड्यांचे रक्त पिणाऱ्या बारीक जिवावर घ्यायचा. मात्र औषधाची बाटली उघडण्याआधी माइट राहतो कुठे ते पाहायचे, कारण उपचार त्यावर ठरतो.

तपासणी

दिवसा कोंबड्या हातात घेऊन पिसे फुंकून पाहिली, तर अंगावर काही नाही. यावरून निर्धास्त होऊ नये. डर्मानिसस गॅलिनी हा लाल माइट दिवसभर लाकडात दडून असतो आणि रक्त प्यायला रात्री वर येतो. अंधार पडून दोनेक तास झाले की टॉर्च घेऊन कोंबड्या बसतात त्या दांडीची खालची बाजू पांढऱ्या टिश्यूने पुसायची. टिश्यूवर लाल रेघा उमटल्या की निदान झाले. दांडी भिंतीला टेकते तिथे मिठात मिरपूड कालवल्यासारखी भुकटी साचते. ती त्यांची विष्ठा आणि कात.

अंगावर मुक्काम ठोकणारा माइट वेगळा, ऑर्निथोनिसस सिल्व्हिएरम. शेपटीखालची पिसे काजळी धरल्यासारखी दिसतात, ती बाजूला केली की दिवसाउजेडीही माइट हातावर पळत येतात. कोंबड्यावर तो बहुधा जास्त सापडतो, म्हणून आधी कोंबडा तपासावा. उवा याहून मोठ्या, गवती रंगाच्या आणि सहा पायांच्या असतात. लिखा पिसाच्या बुडाशी गठ्ठ्याने चिकटलेल्या दिसतात. इथे टिश्यू लाल आणि शेपटीखाली स्वच्छ, म्हणजे लढाई लाकडाशी.

पहिला हात

खाली अंथरलेले सगळे तूस काढून पिशवीत बांधले. ते खुराड्याशेजारी ढीग करून ठेवले तर माइट रात्री चालत परत येतात. दांड्या आणि घरट्यांची खोकी सुटी करून बाहेर आणली. भिंती खरवडल्या, मग साबणाचे गरम पाणी दाबाने फटींत मारले. साबणाने भिजलेला माइट मरतो, पण नुसत्या वरवरच्या फवाऱ्याने काही साधत नाही. नळी फटीच्या तोंडाशी धरावी लागते. सुट्या दांड्यांवर उकळते पाणी ओतले. ब्लोटॉर्च फिरवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. लाकूड आणि सुके तूस असलेल्या जागी तो सरळ आगीला आमंत्रण आहे.

पूर्ण वाळल्यावर डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची भुकटी) फटींत भरली. 'पूर्ण' हा शब्द महत्त्वाचा. ही भुकटी माइटच्या अंगावरचे मेण शोषून त्याला सुकवते, ओल धरली की ती निव्वळ चिखल. भरताना मास्क हवाच आणि कोंबड्या बाहेर. हवेत उडवू नये, ब्रशने दाबून भरावी. माणसाच्या फुफ्फुसाला चालत नाही ते कोंबडीच्याही चालत नाही.

परमेथ्रिन हे कीटकनाशक वापरायचे तर लेबलवरचेच प्रमाण घ्यावे आणि रिकाम्या खुराड्यात मारावे. मांजर आणि मासे यांना ते घातक आहे. एकच औषध वर्षानुवर्षे मारत राहिले की माइट त्याला दाद देत नाहीत. फिप्रोनिल या कीटकनाशकाला हात लावू नये: २०१७ साली युरोपात माइटसाठी ते खुराड्यांत वापरल्याचे उघड झाले आणि लाखो अंडी बाजारातून काढून घ्यावी लागली.

दांड्या परत बसवताना टोके भिंतीला टेकू दिली नाहीत. प्रत्येक दांडी स्वतःच्या पायांवर उभी, पाय तेलाच्या वाटीत. वर चढायला वाट एकच उरली की पहारा सोपा होतो. वाटीत धूळ किंवा तूस पडून पूल तयार होतो, तेवढे दर आठवड्याला काढावे.

दुसरा हात

माइटच्या अंड्यांवर भुकटीचा काही परिणाम होत नाही. उबदार हवेत अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा फेरा साधारण आठवड्यात पुरा होतो. म्हणून ५ ते ७ दिवसांनी सगळे पुन्हा, तेवढ्याच कसोशीने. बहुतेकांचे काम बिघडते ते इथे: पहिल्या हाताने संख्या इतकी उतरते की दुसरा करायचा कंटाळा येतो.

सध्याची स्थिती: दांडीखाली तळहाताएवढे नालीदार पुठ्ठ्याचे तुकडे बांधले आहेत. माइट दिवसा नळ्यांत दडतात. पुठ्ठा सोडवून पिशवीत बंद करून फ्रीझरमध्ये ठेवायचा आणि मग उघडून पाहायचा. दुसऱ्या हातानंतरच्या पुठ्ठ्यात रिकामी कात जास्त, फुगलेले लाल माइट तुरळक. तुऱ्यांचा रंग मात्र सावकाश परततो, त्यावरून यश मोजू नये.

तुरळकांची पुन्हा गर्दी झाली तर पशुवैद्यकाकडून फ्लुरालानर हे माइटवरचे औषध, जिथे त्याला मंजुरी आहे तिथे. मात्रा किलो वजनाला ०.५ मिलिग्रॅम, पिण्याच्या पाण्यातून, ७ दिवसांच्या अंतराने दोनदा. द्रावण १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचे असते. म्हणजे २ किलोच्या दहा कोंबड्यांना मिळून १ मिलिलिटर. इतक्या थोड्यात अंदाज चालत नाही. कोंबड्या तोलाव्यात आणि सुईविना सिरिंज वापरावी. युरोपातल्या मंजुरीनुसार औषध दिल्यावर अंडी खाण्याआधी थांबण्याची मुदत नाही, मांसासाठी ती १४ दिवस आहे. आयव्हरमेक्टिन हे परजीवींवरचे औषध मनाने देऊ नये, ते अंड्यात उतरते.

एका कोंबडीच्या पायाचे खवले उचललेले आणि खडबडीत आहेत. तो नेमिडोकॉप्टिस म्यूटन्स हा पायाच्या खवल्यांतला वेगळा माइट, लाल माइटशी संबंध नाही. पाय कोमट साबणपाण्यात भिजवून, मऊ ब्रशने पुसून, कोरडे करून व्हॅसलिनचा जाड थर. काही आठवडे हे चालू ठेवायचे. खवले ओढून काढू नयेत, रक्त येते. रॉकेलही नको, कातडी भाजते.

पुढचे काम छपराखालचे चिमण्यांचे रिकामे घरटे काढणे आणि जाळी लावणे, कारण माइट तिथूनही येतात. रिकामे खुराडेही भरवशाचे नाही: हा माइट उपाशी कित्येक महिने तग धरतो. पुठ्ठे तोवर जागच्या जागी.